मागच्या दिव्यांची तार

दि. ४ मार्च

चि. बाळ्या यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकत नाहीस, म्हणून पत्रच लिहिते. ह्यांची गाडी पोलिसांनी अखेर सोडली. शुक्रवारी ओढून तुझ्या गॅरेजात आणून टाकतील. चालकाच्या बाजूचं दार पार आत गेलंय, तिकडे मला बघवत नाही. मागची बाजू मात्र धड आहे. बाकीचं राहू दे, आधी मागचे दिवे कर. वळताना तीन दिवे आतून बाहेर एकामागून एक पेटत जायचे, ते बघायला ह्यांनी मला कितीदा गाडीमागे उभं केलं असेल! पन्नास वर्षांची गाडी नि साठीचा माणूस, दोघांचं कौतुक मीच करायचं.

ह्यांचा जीव घेणारा तो ट्रकवाला तुरुंगात जाऊन सात महिने झाले. न्यायालयात शेवटपर्यंत म्हणत होता, की पुढच्या गाडीने वळायची खूण दिलीच नाही, म्हणून ओव्हरटेक केलं. मेला खोटारडा.

दुसऱ्या कुणाच्या हाती गाडी देऊ नकोस. जेवणाच्या वेळा पाळ, आणि या म्हातारीवर जीव आहे तसा असू दे.

तुझी अक्का

दि. १५ मार्च

ती. अक्कास सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण चार वेळा लिहून फाडलं.

डिकीच्या अस्तराखाली एक डबी असते. तिच्यात छोटी मोटर, मोटरवर तीन चकत्या. मोटर फिरली की चकत्या एकेक दिवा जोडत जातात. अपघाताच्या आधीच्या आठवड्यात भावजी माझ्याकडे आले होते, मोटर करकरते म्हणून. बघितलं तर मोटरच्या दातेरी चाकाचे दाते झिजलेले. तापून आग लागू नये म्हणून मी मोटरची तार काढली आणि टोकाला काळी टेप गुंडाळली. नवं चाक यायला वेळ होता. त्यांना सांगायचं होतं, की पुढचे दिवे नि स्टिअरिंगसमोरचा बाण लुकलुकेल, पण मागे काही लागणार नाही, तेव्हा हात बाहेर काढून वळा. मी जेवायला गेलो तेवढ्यात ते गाडी घेऊन गेले. संध्याकाळी फोन करू म्हटलं. मग उद्या करू म्हटलं. केला नाही.

तू साक्ष दिलीस, की त्या सकाळी घराच्या फाटकातून वळताना तिन्ही दिवे पाहिलेस, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. वाटलं, भावजींनी दुसऱ्या कुणाकडून तार जोडून घेतली असेल. बॅटरी फुटलेली, त्यामुळे दिवे लावून कुणी पाहिलेच नव्हते. गाडी आली त्याच रात्री मी अस्तर उचललं. टेप माझीच आहे, गुंडाळली तशीच. अजून हात लावलेला नाही.

अक्का, तू नक्की काय पाहिलंस?

माया मागायला तोंड नाही. तरी तुझाच,
बाळ्या

दि. २१ मार्च

चि. बाळ्या,

तुझं पत्र वाचून रिकाम्या घरात तुला मोठमोठ्याने शिव्या घातल्या. एक फोन, बाळ्या. एक फोन करायचा होता तुला.

मी काहीच पाहिलं नाही. त्या सकाळी आमचं वाजलं होतं. डोळे तपासून घ्या म्हणून मी मागे लागले होते, ते चिडून निघाले. मी न्हाणीघरात नळ सोडून बसले, गाडी निघाल्याचा आवाजही कानावर नको म्हणून. पुढे वकिलांनी विचारलं, दिवे लागत होते ना. मी हो म्हटलं. किती, तर तीन म्हटलं. ह्यांनी खूण न देता वळावं हे मला पटेचना. माझ्यावर चिडून गेले आणि म्हणून गेले, असं मला नको होतं. दोष द्यायला कुणीतरी दुसरं हवं होतं. नंतर नंतर तर ते दिवे मला खरंच दिसायला लागले.

टेप काढू नकोस. मी गुरुवारी वकिलांकडे जाते. मला भीती वाटते. तू ये.

अक्का

दि. २ सप्टेंबर

ती. अक्कास सा. न. वि. वि.

ट्रकवाला सोमवारी सुटला, कळलं असेलच. तुझ्यावरच्या खोट्या साक्षीच्या खटल्याची तारीख लागली का? माझ्याही मागे चौकशी आहे. जुनी गिऱ्हाइकं गॅरेजवरून मान खाली घालून जातात, त्यांचं तरी काय चुकलं?

तपासनिसांनी डबी परत केली. ठेवून देणार होतो, पण राहवलं नाही. नवं चाक बसवलं, चकत्या पॉलिशपेपरने घासल्या, दोन्ही बाजूंचे सहाही बल्ब बदलले, तार जोडली. मग मागे जमिनीवर बसून पाहिलं. एक, दोन, तीन, लाल. आता ते नकोसे वाटायला हवे होते. पण फार देखणे दिसतात अक्का, त्याचंच वाईट वाटतं.

गाडीचं काय करू? रागाने लिही, पण लिही.

बाळ्या

दि. ११ सप्टेंबर

चि. बाळ्या यास आशीर्वाद.

गाडी तुझ्याकडेच राहू दे. मला तिच्यामागे उभं राहायचं नाही. खटल्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. वकील म्हणतात, वयाकडे बघून सांभाळून घेतील. मी त्यांना म्हटलं, नका सांभाळून घेऊ.

काल त्या ट्रकवाल्याच्या घरी गेले. सायकलच्या दुकानावर दोन खोल्या. त्याच्या बायकोने आत घेतलं, पण बसा म्हणाली नाही. तो खुर्चीला पट्ट्या विणत होता. परवाना परत मिळालाय, पण ट्रकला हात लावत नाही. मी पाठ करून नेलेलं सगळं विसरले.

तोच बोलला. म्हणाला, की तुरुंगात विचार करून करून त्याला वाटायला लागलं, नवरा गेलेली बाई खोटं कशाला बोलेल, आपलंच लक्ष नसणार. मग त्यालाही ते तीन दिवे दिसायला लागले. बायकोला त्याने सांगून टाकलं, की चूक माझीच. अपीलसुद्धा स्वतःच मागे घेतलं.

मी म्हटलं, दिवा नव्हता. त्याने पट्टी खाली ठेवली आणि पुन्हा सांगायला सांगितलं. मी सांगितलं. त्याने तिसऱ्यांदा सांगायला लावलं. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी सांगितलं. तेव्हा त्याच्या बायकोने उठून दार उघडून धरलं.

तुझ्यावर राग आहे, तो जायचा नाही. मायाही गेलेली नाही. पत्र पाठवत जा.

अक्का