सोलकढीचा पेला

आई, तो सोलकढीचा पेला तू माडाच्या आळ्यात ओतायला नको होतास. तेव्हाही मी हेच म्हणत होतो, आज सतरा वर्षांनी पण हेच म्हणतो. आपल्याकडे पैसे देऊन राहायला आलेल्या त्या माणसाला तो प्यायला द्यायला हवा होता. भर दुपारी आपल्या ओटीवर ओकला तो, आणि पाय पसरून तसाच बसून राहिला. तू त्याच्या पायाखालून फडकं फिरवत होतीस. बाबा पायरीवर विडी ओढत म्हणाले, गिऱ्हाईक आहे, सांभाळून घे. मी तुला चुलीतली राख आणून दिली. खोलीत त्याचे मित्र पत्ते कुटत होते, त्यातला एक हसला, ते हसणं अजून कानात आहे. मग तू हात धुतलेस आणि परत त्यांच्याच माशांना मीठ-मसाला लावायला बसलीस. मी दहा वर्षांचा. त्याच्या पेल्यात थुंकलो आणि तू नेमकी माझ्या मागे उभी. कानाखाली वाजवलीस आणि म्हणालीस, "आपल्या हातून कुणाच्या पोटात घाण जायची नाही." घाण आपल्या ओटीवर पडली होती, आणि मार मला.

तेव्हापासून कुठेही 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशी पाटी दिसली की माझ्या तोंडाला पाणी सुटतं ना, ते ओकारीच्या आधीचं. आणि ताईला आता तीच पाटी लावायची आहे, आपल्याच घराला. तिचं सासर गावातच, त्यामुळे घराची झाडलोट तीच बघते. वाडीतल्या पाच घरच्या बायकांनी गट केलाय. पाहुणे पाळीपाळीने पाच घरांत ठेवायचे, पैसे गटात जमा करायचे. चार घरांचं जमलंय, आपल्या घराला न्हाणीघर धड नाही, तेवढ्यासाठी माझ्याकडे पैसे मागते. सहा महिने मागतेय. मी फोनवर म्हटलं, आईचं काय केलं त्या लोकांनी ते विसरलीस का? ती म्हणाली, "आई एकटी होती." मी फोन कापला. पुढे दोन महिन्यांची सुट्टी मिळाली तर घरी गेलोच नाही. तिच्यासमोर बसून नाही म्हणायची हिंमत नव्हती.

मी कुठे असतो ते तुला माहीत नाही. तू गेलीस त्या वर्षी आठवीत शाळा सोडली, मग मुंबई, मग रत्नागिरी, मग परत मुंबई, एका जागी बूड टेकलं नाही. आता सौदीत जिझानला रिफायनरीवर स्कॅफोल्डिंग बांधतो. कॅम्पात एका खोलीत सहा जण, मोज्यांचा वास, एसीतून गळणारं पाणी. मेसमध्ये एक बांगलादेशी चाचा टेबलं पुसतो. आम्ही हाडकं टेबलावरच टाकतो, ताटात नाही. कधी भरलेला ग्लास उपडा करून तसाच ठेवायचा, म्हणजे चाचा उचलायला गेला की सगळं पाणी सांडतं. मजा म्हणून. मीही ठेवलाय. हे तुला आधीच सांगतो, कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही.

माझ्या वरच्या बंकवर नेपाळचा एक जण आहे, नेवार जातीचा. तो म्हणाला, घरी नाही जायचं तर माझ्या गावाला चल. काठमांडूपासून तासाभरावर त्याचं गाव. विटांची उंच, अरुंद घरं, दारात लाल मिरच्यांच्या माळा. मला वाटलं त्याच्याच घरी झोपायचं. तर त्याच्या आईने दारातूनच दुसरीकडे पाठवलं. त्या गावात पाहुण्यांचं सगळं बायका बघतात. बाहेरून कोणी राहायला आलं की ज्या घराची पाळी त्या घरी जायचं, मग तो मुलाचा मित्र असू दे नाहीतर मंत्री. मी हसलो. म्हटलं, इथेपण तेच. पैसे घ्या आणि पाहुणे झेला.

पाळी एका विधवा बाईची होती, तुझ्या वयाची. म्हणजे तू असतीस तर झाली असतीस त्या वयाची. सगळे तिला दिदी म्हणायचे. तिने कपाळाला टिळा लावला, हातात उकडलेलं अंडं आणि सुका मासा दिला, आणि पितळी वाटीत उंचावरून बारीक धार धरून घरची दारू ओतली. त्यांच्यात आल्यागेल्याचं असंच करतात. आई, सौदीत दोन वर्षं थेंब मिळाला नव्हता. जेवणात पोहे आले, आपल्यासारखेच पण कोरडे, बरोबर काळं काळं मटण. विचारलं तर म्हणाली, रेड्याचं. मी ताट ढकललं आणि तिच्या तोंडावर छी म्हटलं. ती ताट उचलून वर गेली. त्यांचं स्वयंपाकघर सगळ्यात वरच्या मजल्यावर असतं, बाहेरच्याने बोलावल्याशिवाय तिथे चढायचं नाही, हे मित्राने दोनदा बजावलं होतं. ती माझ्यासाठी अंडी करायला गेली आणि मी रिकाम्या पोटी दारू पीत बसलो. भांडं संपलं तसा खालून ओरडायला लागलो, ए पाणी, ए. कोणी येईना म्हणून शिडी चढलो आणि तिच्या चुलीपुढे ओकलो. ती अंड्याचा झारा हातात घेऊन उभी. मी भिंतीला टेकून बसलो, पाय पसरून, आणि म्हणालो, साफ कर, पैसे दिलेत.

हे मी म्हणालो, आई. दुसऱ्या कोणी नाही.

सकाळी तिने पाण्याचा पेला आणून दिला. मी तो उजेडात धरून आत बघितलं, मग प्यालो. खाली अंगणात आठ बायका बसल्या होत्या, काळ्या साड्या, लाल काठ. माझ्या मित्राची आई त्यात, मित्र लांब दारात मान खाली घालून उभा. आरडाओरडा नाही, कोणाचा नवरा, भाऊ मध्ये नाही. त्यातली सगळ्यात म्हातारी मोडक्या हिंदीत म्हणाली, "सोने का पैसा दिया, खाने का दिया. उल्टी का तो नहीं दिया." बाकीच्या हसल्या. मी खिशात हात घातला तर म्हणाली, "पैसा रहने दो. बालटी वहाँ है."

मी वर गेलो. चुलीपुढचं सगळं काढलं, वास अजून तसाच होता, माझाच वास. मग लाल माती आणि शेणाने जमीन सारवायला बसलो. तू शिकवलंस तसा हात फिरवला, अर्धगोल. आठही जणी शिडीवर गर्दी करून बघत होत्या. एक म्हणाली, हा तर पोरीसारखं सारवतो. दिदीने माझ्या शेजारी बसून एक कोपरा परत करायला लावला. मला वाटलं आता बॅग बाहेर. मी म्हटलं, दिदी, मैं दूसरे घर चला जाता हूँ. ती म्हणाली, "आज भी मेरा ही पालो है." पालो म्हणजे पाळी. मग ती अंगणात जाऊन त्यांच्यात बसली, बाकीच्या तिच्या दोन्ही बाजूंना सरकल्या, आणि त्या लसूण सोलत, आपसात काहीबाही बोलत, दुपारपर्यंत उठल्या नाहीत. त्या उठेपर्यंत मी वरून बघत होतो. आपल्या ओटीवर त्या दिवशी तुझ्या बाजूला कोण बसलं? भिंतीपलीकडे काकू होत्या, समोर मावशी होती. बाबा होते. मी होतो, राख घेऊन.

ताई बरोबर बोलली होती. मी चार महिने तिच्यावर दात खाऊन होतो, आणि तिचं बोलणं मला परक्या गावात, स्वतःच्या ओकारीत गुडघे टेकून कळलं. मला स्वतःची शिसारी येते आणि ती जात नाही. काल मेसमध्ये माझा ग्लास मी सरळ ठेवला, तर समोरचा म्हणाला, काय रे, आजारी आहेस का?

आता एक राहिलं. तू ओतलास तो दुसरा पेला होता. पहिल्यातही मी थुंकलो होतो, आणि तो त्याने आधीच पिऊन टाकला होता. "मावशी, फक्कड झालीय, अजून आण," म्हणाला होता, आणि तू पदराने तोंड पुसत हसली होतीस. ते हसू बघून मी तुला कधीच सांगितलं नाही. हे पत्र कुठे पाठवायचं ते मला ठाऊक नाही, गादीखाली राहील. पैसे उद्या पाठवतोय, ताईच्या नावावर, बाबांच्या नाही. पंचावन्न हजार.