बिरोबाचा पहिला घास

१२ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी सहा.
आजपासून राग बंद. देवापुढं भंडारा उचलून शपथ घेतली. पन्नाशी आली. मुळात मी शांत माणूस आहे; लोक मला शांत राहू देत नाहीत.

तोच दिवस. संध्याकाळ.
चुलतभाऊ नाथाजीच्या नातवाचं जावळ. मटणाचा तुकडा छातीच्या वर अडकला. पाणी प्यालो, ते नाकातोंडातून परत आलं. माझा मुलगा धनाजी पाठीत बुक्क्या घालत होता. बापाला मारायची संधी त्याने पुरेपूर वापरली. पाऊण तासाने तुकडा उतरला. नाथाजी माझ्याहून दोन महिन्यांनी धाकटा, तरी भर पंगतीत म्हणाला, "भाऊसो, जत्रंतला घास जमंल न्हवं रं अवंदा?" हातातला तांब्या निसटला. निसटून बारा फुटांवर त्याच्या मेहुण्याच्या, पप्पूच्या, कपाळाला लागला. तीन टाके. शपथ उद्यापासून धरायची.

१३ जानेवारी.
घासाचं लिहून ठेवतो, म्हणजे मन स्थिर होईल. मार्चमध्ये आमच्या बिरोबाची जत्रा. देवाच्या बकऱ्याचा पहिला तुकडा आमच्या घरातला कर्ता पुरुष देवासमोर उभा राहून पाण्याविना गिळतो. मग पंगत बसते. घास बाहेर आला तर देवाला हे घर नको झालं असं धरतात आणि मान नाथाजीच्या घरी जातो. आजोबा, वडील, आणि सतरा वर्षं मी. मान गेला तर या गावात मी नुसता मेंढ्या मोजणारा माणूस उरेन.
बायको हरणाबाई म्हणते की सहा वर्षं मी घासाघासाला पाणी पितो, भाकरी कुस्करून खातो आणि पंगतीत सगळ्यात शेवटी उठतो. याला सभ्यता म्हणतात. अडकण्याचं कारण वेगळं आहे. नाथाजीची नजर.

३ फेब्रुवारी, सोमवार. सांगली.
बी-बियाणं घ्यायचं सांगून धनाजीने दवाखान्यात आणलं. डॉक्टर रुक्सार, वयाने माझ्या भाचीएवढी. घशातून कॅमेऱ्याची नळी घालायची म्हणाली. भुलीचं औषध दिलं. मी नामस्मरण करत पडून राहिलो. धनाजी सांगतो की चौघांनी धरलं होतं आणि वॉर्डबॉयच्या बोटाला माझे दात लागले. नामस्मरणात तोंड हलतंच.
अन्ननळीतून सहा बारीक तुकडे तोडून तपासणीला पाठवले.

१२ फेब्रुवारी.
रिपोर्ट आला. अन्ननळीत गोल कडी पडली आहेत, उभ्या चिरा आहेत. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे असूच नयेत. पंधरा दिसल्या तरी आजार धरतात, माझ्या चाळीस. आजाराचं नाव इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस. धनाजीने दोनदा खोडून लिहिलं. मी मराठीत विचारलं. डॉक्टर म्हणाली, "मामा, तुमच्याच रक्तातले शिपाई तुमच्याच नळीला शत्रू समजून झोडपतायत. ऍलर्जीचा प्रकार आहे."
बरं वाटलं. म्हणजे भांडखोर मी नाही. शिपाई आहेत. नजरेचंही विचारलं. तिने औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली.
उपाय: दम्याचा पंप, पण श्वास आत ओढायचा नाही, फवारा गिळायचा. चूळ भरून अर्धा तास खाणं-पिणं बंद. दूध आणि दुधाचं सगळं बंद. मटणाचे तुकडे बंद. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कॅमेरा. तरी नळी अरुंद राहिली तर फुग्याने ताणायची. काय खाल्लं ते रोज वहीत लिहायचं. ती वही वेगळी ठेवली आहे. तिच्यात सगळं पथ्याचं आहे.

२ मार्च, रविवार.
पंप अठरा दिवस चालू. त्यात चार दिवस विसरलो, तीन दिवस रागाने गोठ्यात फेकला होता. एकूण प्रगती चांगली.
दूध बंद म्हणजे म्हशीचं, डेअरीचं. आपल्या शेळीचं दूध औषध असतं. शेळी रानातला पाला खाते. डॉक्टरला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर नको म्हणाली असती. देवाच्या खिरीचंही विचारलं नाही. प्रसादाला पथ्य लावणं मनाला पटत नाही.
आज हरणाबाईने तोंडचा पेला हिसकावून अंगणात भिरकावला. "शेळी काय पानी देती व्हय वं?" असं म्हणाली. पेला कुत्र्याला लागला. कुत्रं मला चावलं. या घरात संताप फार.

१६ मार्च, रविवार.
सराव. केळं पाण्याविना गिळलं. शिरा गिळला. मटण म्हणजे तरी काय, केळ्याहून थोडं घट्ट.
संध्याकाळी नाथाजी आला. उंबऱ्यावर बसून हळू आवाजात म्हणाला, "भाऊसो, जीव हाय तर मान हाय गड्या. अवंदा मी घितो घास. बरा झालास की तुझा तू घे."
इतकं गोड बोलणं ऐकून राहवेना. गळपट्टी धरली. त्याचा कान सुजला, माझा एक दात हलतो. उकिरड्यापर्यंत लोळत गेलो. हरणाबाईने दोघांवर अख्खी घागर ओतली. टँकर आठ दिवसांनी येतो, हे तिच्या ध्यानात राहिलं नाही.
ठराव: यंदा तुकडा मोठा घ्यायचा. सगळ्यांना दिसेल असा.

२३ मार्च, रविवार. सकाळी नऊ. जत्रा.
मन शांत. पंप घेतला नाही. देवाच्या दारी निर्मळ तोंडाने जावं. नळी मोकळी वाटते.

२५ मार्च. सांगली. दवाखाना.
दर वर्षी हरणाबाई द्रोणात तुकडा घालून माझ्या हाती देते. यंदा तिला बाजूला सारलं आणि परातीतून स्वतः निवडला. ढोल वाजत होते. तुकडा निम्मा गेला. मग खालीही जाईना, वरही येईना. लाळसुद्धा उतरेना. डोळ्यांपुढं सगळं भंडाऱ्यासारखं पिवळं झालं. तेवढ्यात नाथाजीने मागून पोटाला मिठी घातली. मला वाटलं, घास बाहेर काढून मान लुटतोय. कोपर मारलं. त्याचं नाक फुटलं, रक्त माझ्या मानेवर. त्याने सोडलं नाही. पुन्हा मारलं. तरी सोडलं नाही. मला तसंच फरफटत नेऊन जीपमध्ये कोंबलं. सांगलीपर्यंत त्याचं नाक गळत होतं आणि माझं तोंड.
डॉक्टरने कॅमेरा घालून तुकडा काढला. मोठ्या सुपारीएवढा. शेळीच्या दुधाचं धनाजीने सांगितल्यावर तिने पेन खाली ठेवलं. शिपायांना सगळी दुधं सारखीच, म्हणाली.
मी हरणाबाईला म्हटलं, सतरा वर्षं गिळला तो तुकडा यंदाच कसा अडकला. ती पदराचं टोक पिळत म्हणाली, "सा सालं मी चिंचोक्याएवढा कापत हुते. ठेचून. वर रस्सा घातला की कळत न्हाई."
कुणाकुणाला ठाऊक होतं, विचारलं.
"तुमी सोडून समद्यास्नी."

६ एप्रिल, रविवार.
पंचांनी मान नाथाजीच्या घरी दिला. देवळात गेलो, हात जोडले, काही मागितलं नाही.
दुपारी नाथाजी घरी आला. नाकावर पट्टी. घास कसा घ्यायचा ते शिकायला आला असणार, हे मी ओळखलं. जवळ बसवून तासभर समजावलं: मान किती कलती ठेवायची, देवाचं नाव कधी घ्यायचं, छाती कधी सैल सोडायची. अनुभवाचं ज्ञान आहे, वाया जाऊ नये. झाल्यावर तो उठला, चुलीपाशी गेला आणि हरणाबाईला म्हणाला, "वयनी, पुढल्या साली माझा बी तुकडा तुमीच कापा. मला बी अलीकडं जरा अडकल्यागत हुतंय."
मग सुरी कोणती घ्यावी, यावर ती दोघं बराच वेळ बोलत बसली. मला कुणी काही विचारलं नाही.