खालून कापलेला निबंध

गुरुवार, ४ डिसेंबर

मुक्ताच्या निबंधाला गुण दिलेले नाहीत. तिच्या मराठीच्या शेळके मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं. दुपारचे सव्वातीन, मी डेस्कवर. "शून्य नाही दिलं ताई, थांबवून ठेवलंय. अकरावीच्या पोरीचं लिखाण वाटत नाही हे. पहिल्याच वाक्यात निकाल, आणि पुढं पुरावाच नाही. तुम्ही पेपरात आहात ना?"

आहे. बावीस वर्षं.

जिल्ह्याच्या स्पर्धेला कॉलेजातून एकच निबंध जातो. मुदत सोमवार, संध्याकाळी पाच. मु.चा जाणार हे जवळपास ठरलं होतं. निबंध ज्या कादंबरीवर आहे तिच्याशिवाय तिनं दोन महिने दुसरं काही वाचलेलं नाही.

मॅडमनी तिला आधी विचारलं होतं, घरी कुणी हात लावला का. ही म्हणाली, "मम्मीनं बघितलापण नाही."

बघितला होता. चांगला लाल पेन घेऊन.


शुक्रवार, ५ डिसेंबर

तिची कच्ची वही मागून घेतली. अकराशे शब्द, मर्यादा आठशेची. निबंध द्यायच्या आधीच्या रविवारी तो आठशेत बसवायला मला वीस मिनिटं लागली होती. मुख्य मुद्दा उचलून पहिल्या ओळीत आणला आणि बाकी खालून कापत गेले. रोज बातमीचं करते तेच. तिनं मुकाट्यानं पक्क्या कागदावर उतरवून काढलं.

कापलेला भाग आज पहिल्यांदा वाचला. खरं तेच लिहिते. त्या दिवशी वाचला नव्हता, नुसते शब्द मोजले होते.

कादंबरी एका गावातल्या शाळेची. गाइडमध्ये एकच सूर, ध्येयवादी हेडमास्तरांचा त्याग. मु. म्हणते, ही हेडमास्तरांची गोष्टच नाही, घंटा वाजवणाऱ्या महादू शिपायाची आहे. महादू सबंध पुस्तकात फक्त उत्तरं देतो. व्हय जी. नाय जी. प्रत्येक ठिकाणचा पान नंबर तिनं दिलाय. शेवटच्या पानावर तो पहिल्यांदा प्रश्न विचारतो, "ही घंटा मी कुणासाठी वाजवतो जी?" हेडमास्तर, जे अडीचशे पानं बोलत असतात, गप्प. आणि पुस्तक संपतं.

नेमकं तेच मी उडवलं. समासात माझ्या अक्षरात, "जागा नाही."

संध्याकाळी :
"तू माझा शेवट कापला."
"मर्यादा होती बेटा."
"मग वरचं कापायचं ना! हेडमास्तरचे दोन पॅरे होते की. ते तर सगळ्या वर्गानं लिहिलेत."
बरोबर आहे. 

सुरेश चिकलठाण्याहून शिफ्ट संपवून आला, बूट न काढताच ऐकत उभा. "वही दाखव मॅडमला. किस्सा खतम."
"वहीत मम्मीचा लाल पेन आहे पप्पा. मी खोटं बोलले ते पण दिसंल."
"मग कशाला बोलली?"
"सगळ्या वर्गासमोर विचारलं त्यांनी! काय सांगू? माझ्या मम्मीनं..."
वाक्य सोडून आत गेली. जेवली नाही.


शनिवार, ६ डिसेंबर

सकाळी तिघं पांढऱ्या कपड्यांत पडेगावच्या विहारात वंदनेला. मु. शेजारी बसली पण माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. तिथून तशीच ऑफिस. अभिवादनाचं पान, फोटोंचा ढीग.

दुपारी मु.चा मेसेज. मॅडमनी बोलावून सांगितलं : सोमवारी दहा ते साडेअकरा, स्टाफरूममध्ये त्यांच्यासमोर, हाच विषय पुन्हा लिहायचा. कादंबरी जवळ ठेवता येईल, दुसरा कागद नाही. जमलं तर तोच स्पर्धेला. नाहीतर दुसऱ्या मुलीचा तयार आहे.

न्याय्य आहे. मी मॅडमच्या जागी असते तर इतकीही संधी दिली नसती.

घरी आल्यावर म्हटलं, मी येते, मॅडमना सांगते की कापाकापी माझी.
"नको. मग म्हणतील, हिला बोलायलापण मम्मीच लागते."


रविवार, ७ डिसेंबर

सुट्टी. हात शिवशिवतोय. मु. गॅलरीत पुस्तक घेऊन. तीनदा चहा विचारायला गेले, तिसऱ्यांदा "मम्मी, प्लीज."

चारच्या सुमाराला आली, चेहरा उतरलेला. "गेलं. पान चाळीस बघ. महादू विचारतो, 'पाणी आणू का जी?' हा प्रश्न आहे. मी मोजलाच नव्हता. मग शेवटचा प्रश्न पहिला कसा?"

पुस्तक हातात घेतलं. प्रश्नच आहे. डेस्कवर असं ऐन वेळी निघालं की मी म्हणते, ते वाक्य गाळा, बातमी छापायला सोडा. इथं ते वाक्य गाळलं की निबंधच उरत नाही. काहीतरी सुचत होतं. जीभ आवरून बसले.

सुरेश पलंगावर आडवा होता. तसाच बोलला, "तो कसला प्रश्न? मी कंपनीत रोज विचारतो, चहा सांगू का सर. ते काय विचारणं हाय व्हय? हुकूम मागायची रीत हाय ती."

मु. त्याच्याकडे वळली. "पप्पा, परत बोला."
"एकदाच बोलतो मी. लई भाव हाय मला."

हसली. गुरुवारनंतर पहिल्यांदा. मग आत जाऊन पुन्हा पान एकपासून वाचायला लागली. दाराबाहेर ऐकू येत होतं, "व्हय जी... आणतो जी... पाणी आणू का जी..." प्रत्येक वेळी वेगळ्या आवाजात.

घरच्यांनी हात लावला, यात हे धरायचं का? ठाऊक नाही. मी लावला नाही एवढं नक्की. लिहायला घेतलं असेल तर मला दाखवलेलं नाही.


सोमवार, ८ डिसेंबर

मोबाइल बाजूला, हे कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडीवर बसून लिहितेय. दहा वाजून दहा मिनिटं.

सकाळी टेबलावर कच्ची वही दिसली नाही. विचारलं नाही. गेटपाशी उतरताना तिच्या बॅगेची चेन अर्धी उघडी होती, वहीचं निळं कव्हर दिसलं. कादंबरी हातात.

दोन पावलं गेली आणि परत फिरली.
"मम्मी, खोटं बोलले ते आधी सांगू, का लिहून झाल्यावर?"

बावीस वर्षं कुणालाही एकच सांगत आले, सगळ्यात मोठं ते सगळ्यात वर घ्या. तेच ओठांवर आलं होतं. पण आधी सांगितलं आणि मॅडमनी लिहूच दिलं नाही तर? आणि नंतर सांगितलं तर त्याला अर्थ काय?

"ते तू ठरव," म्हणाले.
"तू काय केलं असतं?"
"तू ठरव."

 मग बॅगेची चेन पूर्ण उघडून, वही बाहेर काढून गेली.

वेळ साडेअकराला संपेल. बारापर्यंत मॅडम फोन करणार आहेत. निबंध कुणाचा जातो ते पाचच्या आत कळेल.