उभ्या रेषांचं थिगळ

प्रिय भिंगरी,

दुकान कसं चाललंय, असं तू मागच्या पत्रात विचारलं होतंस. चाललंय. दुरुस्तीला येऊन दारात अडकून बसलेला तो अगडबंब डबल बेस शेवटी खिडकीतून बाहेर काढला. मुळात तो आत कसा आला, हे कुणालाच सांगता येत नाही. लोक अजूनही घरच्या घरी झटपट गोंदाने व्हायोलिन चिकटवतात आणि मग आपल्याकडे आणून म्हणतात, थोडंसंच सुटलंय. सरसाने जोडलेलं पुन्हा उघडता येतं, त्या गोंदाने जोडलेलं उघडायला गेलं की लाकूडच फाटतं, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. बाबांचा खोकला कमी आहे. त्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, पण लाकडावर टिचकी मारून चीर कुठे आहे ते अजूनही माझ्याआधी सांगतात. आणि रोज संध्याकाळी मी दुकान बंद केलं की काठी टेकत मागून येतात आणि दाराची कडी स्वतः चाचपून बघतात. का, ते तुला माहीत आहेच.

आईचं व्हायोलिन गेलं त्या संध्याकाळी दुकान मी बंद केलं होतं. कडी लावल्याचं मला आठवत होतं, बोटांना लागलेलं गार लोखंडसुद्धा आठवत होतं. पण सकाळी दार उघडं, कपाट उघडं, आणि आईने जाताना माझ्या हातात दिलेली तेवढी एकच वस्तू नाहीशी. तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस की होतं असं कधीकधी, मनाला लावून घेऊ नकोस. बाबा त्या दिवसापासून कडी स्वतः चाचपू लागले, ते मला जास्त लागलं. हळूहळू माझा माझ्याच आठवणीवरचा विश्वास उडाला. थोड्याच दिवसांत तू शिकायला परगावी गेलीस. मला वाद्यदुरुस्तीच्या त्या मोठ्या कार्यशाळेतून बोलावणं आलं होतं, ते मी नाकारलं. जिला साधी कडी लावता येत नाही तिच्या हवाली लोकांचे जुने चेलो कोण करणार? शिवाय बाबांना एकटं कसं टाकायचं? अपराधी माणूस सेवा फार मन लावून करतो गं.

मागच्या महिन्यात वाद्यवृंदात वाजवणाऱ्या एक बाई आल्या. वरच्या फळीला चीर गेली होती, तार लावली की आवाज फाटत होता. व्हार्निश नवं होतं, खुंट्या बदललेल्या होत्या, मला काही शंका आली नाही. मी फळीवरच्या आवाजाच्या फटीतून बारका आरसा आत सरकवला, दिवा धरला, आणि चिरेवर आतून लावलेलं लाकडी थिगळ दिसलं. पतंगाच्या आकाराचं, आणि त्याच्या लाकडाच्या रेषा उभ्या. तुला आठवतं? मी फ्रॉकमध्ये होते आणि तू भुशाच्या ढिगात बसून नाकात भुसा घालत होतीस. चिरेवरच्या थिगळाच्या रेषा आडव्या लागतात, नाहीतर ते धरत नाही. आईच्या व्हायोलिनला मी उभ्या लावल्या आणि वर चौकोनाऐवजी पतंग कापला. आई पोट धरून हसली. बाबा म्हणाले, राहू दे, पोटातलं कोण बघतंय. ते माझं पहिलं काम. चीर तिथेच पुन्हा उघडली होती.

व्हायोलिन कुठून घेतलंत, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं. बाईंनी फार मायेने सांगितलं. एक मुलगी शिकायला परगावी निघाली होती, डाव्या गालाला खळी, व्हायोलिन देण्याआधी एकदा वाजवू का म्हणाली, आणि वाजवता वाजवता रडली. मी मान हलवत पावती लिहून दिली.

भिंगरी, तू मागितलं असतंस तर मी दिलं असतं. हे तुलाही ठाऊक होतं. मला वाटतं म्हणूनच तू मागितलं नाहीस; मागितलं की जन्मभर ताईचे उपकार. त्यापेक्षा ताईलाच वेंधळी ठरवणं सोपं. तुझा राग आला, एवढा की हातातली पटाशी खाली ठेवावी लागली. तरी वाटलं, तू लहान होतीस, पंख फुटले होते. आणि वाटलं, बिचारे बाबा, त्यांनाही हिने फसवलं. आता त्यांना कळेल की कडी मी लावली होती. ते काय बोलतील, हे मी मनात किती वेळा ऐकलं म्हणून सांगू.

म्हणून एका दुपारी काही न सांगता मी ते व्हायोलिन त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी अंगठा मानेवरून फिरवला, पाठीवर टिचकी मारली. ओळखलं, ते चेहऱ्यावर दिसलं. मग शांतपणे म्हणाले, "बाईंनी नीट ठेवलंय."

बाईंचं व्हायोलिन आहे, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, आणि बाई आल्या तेव्हा ते मागे झोपलेले होते.

म्हणजे तू ते कुणाला विकलंस, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. आपण काय बोलून गेलो, ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण समोरचा चहा त्यांनी तसाच निवू दिला. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते असं. तुझ्यावर चोरीचा संशय येऊ नये म्हणून इतकी वर्षं हा माणूस रोज माझ्यादेखत कडी चाचपत होता. त्या संध्याकाळी दार बंद करून मी मुद्दाम उभी राहिले. बाबा खुर्चीतून उठले नाहीत.

थिगळ काढून मी आडव्या रेषांचं बसवलं आणि व्हायोलिन बाईंना परत दिलं. ते त्यांचं आहे, त्यांनी काही चोरलेलं नाही. कार्यशाळेला मी पुन्हा लिहिलं. जागा भरली आहे, पण शिकाऊ उमेदवार म्हणून घेतो म्हणाले. या वयात उमेदवारी, हस हवं तर. येत्या रविवारी मी निघते आहे. बाबांना सांगितलंय. तू येईपर्यंत शेजारची शिंपीणबाई त्यांचं जेवण बघेल, खोकल्याचं औषध सरसाच्या भांड्यामागे आहे. ते जुनं थिगळ या पाकिटात घातलंय, सोबत दुकानाची किल्ली. संध्याकाळी कडी आता तू लाव. लागली की नाही, ते बघायला कुणी येणार नाही.

तुझीच, हे सवयीने लिहून गेले, खोडत नाही,
ताई