वायरी शेजारी निजवू नगंस

प्रिय मामा,

तुम्हाला जाऊन सहा महिने झाले आणि पत्र आज लिहितेय, कारण आज तुमच्यापुढे हार मानायची आहे. तुम्ही असताना मानली असती तर भोरभर सांगत सुटला असतात!

शिवरे गावातलं ते लग्न आठवतं? लाउडस्पीकर तुमचा. मांडव नीटनेटका दिसावा म्हणून मी माइकची वायर लाइटच्या वायरीला सुतळीनं बांधत नेली होती. मंगलाष्टकं सुरू झाली आणि कर्ण्यातून नुसतं घूंऽऽ! भटजी थांबले, नवरदेव तुमच्याकडे टकामका बघायला लागला. गाठी सोडत तुम्ही एवढंच म्हणालात, "वायरी अशा शेजारी निजवू नगंस, पोरी. एकीचं दुसरीला ऐकू जातंय. वलांडायचीच झाली तर आडवी वलांड."

मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही पाठवलेली भजी मात्र रोज खाल्ली. तुमचं बरोबर होतं, हे तेव्हाच का नाही बोलले?

आता पुण्याच्या कारखान्यात मी सर्किट बोर्डांचे नकाशे करते. पारदर्शक कागदावर काळी चिकटपट्टी लावायची, पुढे तिथं तांब्याच्या रेषा होतात. झटपट मोजणी करणाऱ्या यंत्राचा बोर्ड माझ्याकडे आला आणि मी रेषा कशा नेल्या? लांबच लांब, शेजारी शेजारी! सगळ्यांनी वाखाणलं. यंत्र मात्र एक वस्तू गेली की दोन मोजायचं. साहेब म्हणाले, आणखी एकदाच करून बघा, नाहीतर परत सोल्डरिंगच्या टेबलावर.

तेव्हा मला ते घूं आठवलं. चिकटपट्टी बाजूला ठेवून आधी नियम लिहिले. जलद संकेत नेणाऱ्या रेषा लांबवर शेजारून न्यायच्या नाहीत, मध्ये अर्थिंगची रेषा घालायची. वाट आखूड ठेवायची. बोर्डाच्या मागच्या बाजूची रेषा ओलांडायची तर काटकोनातच. नियम मोडत असेल तिथं रेषा ओढायचीच नाही.

बोर्ड दिसायला वेडावाकडा झाला. पण आज दिवसभर मोजत होता, एकही चूक नाही!

साहेबांनी नियमांचा तो कागद प्रत्येक टेबलावर लावायला सांगितला. खाली नाव मी तुमचं घातलं.

हे इंजिनिअर कुठले, त्यांनी विचारलं. म्हटलं, भोरचे, एस.टी. स्टँडामागं रेडिओ दुरुस्त करायचे.

"मग बोलवा की त्यांना एकदा," साहेब म्हणाले.



तुम्ही येणार नाही, तेव्हा मीच सांगेन. नवी मुलगी आली की चिकटपट्टी हातात देण्याआधी शिवऱ्याचं लग्न, नवरदेवाच्या चेहऱ्यासकट. आणि भजी मी आणीन.

तुमची हट्टी भाची,
सुमन