दीपमालाच्या नावाचा फोटो

४ ऑगस्ट, सोमवार
आरोग्य खात्याच्या आशा कार्यकर्त्या कांताबाई परत आल्या. छातीचे जुने फोटो – एक्स-रे – आणि रिपोर्ट गोळा करतात. ते दाखवून कॉम्प्युटरला आजार ओळखायला शिकवणार आहेत म्हणे. गल्लीत कुणी देत नाही. "भाऊ, तुम्ही वहिनीचे दिले तर बाकीचे देतील. वहिनी गेल्या, पण दुसऱ्या कुणाची तरी वाचंल."
दीपमालाला जाऊन तीन महिने झाले. बघतो म्हणालो.

५ ऑगस्ट
फाईलमध्ये दोन फोटो आहेत. शेवटचा सरकारी दवाखान्यातला, तो तिचा. दोन वर्षांपूर्वीचा, ती कामाला होती त्या बियाणे कंपनीच्या तपासणीतला – तो तिचा नाही.
तेव्हा तिला खोकला होता. फोटो खराब आला तर कामावरून काढतील ही भीती. प्लांटमध्ये बऱ्याच जणी असंच करायच्या. धुळीमुळे सगळ्यांच्या तोंडाला स्कार्फ. एक्स-रेच्या गाडीवरचा माणूस नाव विचारतो, चेहरा बघत नाही. तुझ्या धाकट्या बहिणीला, बेबीनंदाला, तीर्थपुरीहून बोलावून तुझ्या नावावर उभं कर – हे मीच सुचवलं. फोटो स्वच्छ आला. मग दीड वर्ष आम्ही दवाखान्याची पायरी चढलो नाही.
डॉक्टर नंतर म्हणाले, "एवढ्यात इतकं कसं बिघडलं?"

७ ऑगस्ट
राजनंदिनी म्हणाली, "पप्पा, द्या ना. मम्मीचा कुणाला तरी उपयोग होईल." पोरीपुढे काय बोलणार? दोन्ही फोटो दिले. सही केली.
माझ्यामागे अकरा घरांनी दिले. शेजारचा रामकिसन म्हणाला, "भाऊनं देल्यावर आमाला काय भेव!"

२३ ऑगस्ट
काही नाही. कामावर गेलो, आलो.

२ सप्टेंबर
कांताबाई दारातच थांबल्या. मोबाईलवरचं वाचून दाखवलं. दीपमालाच्या जुन्या फोटोत उजवीकडे वरच्या बाजूला बारीक डाग. कॉम्प्युटरने दाखवला, मग डॉक्टरांनीही पाहिला. आहे म्हणाले.
"पेशंटला जल्दी बोलवा म्हणून आलंय. आता कुठून बोलवू, भाऊ?" त्यांनी पदराने डोळे पुसले.
मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.
ज्या छातीत तो डाग आहे, ती जिवंत आहे. डागाला दोन वर्षं झाली.

३ सप्टेंबर
बेबीनंदाला दोनदा फोन लावला, दोनदा कट केला. डाग सांगायचा तर बाकीचंही सांगावं लागेल. बहिणीच्या इलाजाला कशामुळे उशीर झाला ते तिला कुठे माहीत आहे!

५ सप्टेंबर
तीर्थपुरीला जाऊन सगळं सांगितलं. बेबीनंदा म्हणाली,
"दाजी, मी कुठं आल्ते त्या दिवशी? माझी गाडी हुकली. अक्कानं राजनंदिनीला उभं केलं. दाजीला सांगू नको म्हणली, रागवतील."
घरी आलो. राजनंदिनी आत भाकरी करतेय. ताट वाढू का म्हणून दोनदा विचारलं तिने.