त्यांचा वॉर्ड, आमचा वॉर्ड

२ सप्टेंबर

पोचले एकदाची! पाय सुजून टम्म. विमानतळापासून शहरात यायला बावीस मिनिटं. गाडी चालतेय की नुसती सरकतेय तेच कळेना. हातातल्या पेल्यातलं पाणी हललं नाही. तेवढ्या वेळात मी घरातून नाक्यापर्यंत पोचते, तेही मागून कोणी ढकललं तर.

बाहेर इमारतीच इमारती. मोजायला लागले, सत्तरनंतर नाद सोडला. पुलावर पूल, त्याच्यावर आणखी एक. सोबतच्या दुभाषी मुलीला विचारलं, हे बांधायला किती वर्षं लागली? म्हणाली, "मी शाळेत जायचे तेव्हा इथे चिखल होता." पोरगी चोवीस वर्षांची आहे!

माणसं आमच्याइतकीच. मुंग्यांसारखी. पण मुंग्यांसारखीच रांगेत.

३ सप्टेंबर

निघताना आमच्या मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, फॉर्म दिलाय. तीन रकाने — 'आपण', 'ते', 'कोण सरस'. वर सूचना — "सिस्टर, सव्वीस वर्षं बाळंतपणं करताय, तुमची नजर पक्की. सहा आठवडे डोळे उघडे ठेवा. पण एक ध्यानात ठेवा, आपण कुठे कमी नाही! दोन्ही देश तेवढेच मोठे, तेवढीच माणसं."

आज त्यांच्या हॉस्पिटलात पहिला दिवस. दर बाळंतिणीला वेगळी खोली. वेगळी! आमच्याकडे एका खाटेवर दोघी, आणि दोघींची बाळं धरली तर चौघं.

'कोण सरस' मध्ये लिहायला पेन उचललं आणि ठेवून दिलं.

४ सप्टेंबर

नळाला दिवसभर गरम पाणी. तीनदा हात धुतले, त्यातले दोनदा उगाचच.

७ सप्टेंबर

इथली वॉर्ड सिस्टर माझ्याच वयाची. पन्नाशीला टेकलेली, ताडमाड उंच. बोलते कमी, घड्याळ बघते जास्त. मी मनात तिचं नाव घड्याळबाई ठेवलंय. सात वाजता म्हणजे सात. सातला एक मिनिट कमी असताना पोचले तर दारात थांबवून ठेवलं!

पण हात! काय हात आहेत बाईचे. पोटावर तळवा ठेवते आणि बाळ कसं आहे ते सांगते. मग मशीन लावतात, मशीन तेच सांगतं. मी बघतच राहिले. तिला ते कळलं असावं. दुभाषी मुलीला काहीतरी म्हणाली. मुलगी हसून मला म्हणाली, "विचारतायत, तुम्ही आजवर किती केलीत?"

मी म्हटलं, वीस हजारांनंतर मोजणं सोडलं.

घड्याळबाई पहिल्यांदाच घड्याळ सोडून माझ्याकडे बघायला लागली.

८ सप्टेंबर

जाऊबाईंचा फोन. "तिथली माणसं कशी आहेत गं?"

"आपल्यासारखीच. फक्त एका वेळी एकच बोलतो."

"अगंबाई! मग भांडतात कसे?"

मागून ह्यांचा आवाज, गॅसची टाकी कशी बदलतात ते विचार म्हणून. सव्वीस वर्षं संसार केला माणसाने माझ्याबरोबर!

१२ सप्टेंबर

रात्रीचे दोन वाजलेत. तरी लिहिते.

सकाळी दहाला एक बाई बाळंत झाली. मुलगी. सगळं नीट. वार पडली आणि रक्त सुरू झालं. तो आवाज मी झोपेतही ओळखीन, खाटेवरून फरशीवर पडणाऱ्या रक्ताचा. घड्याळबाईने भिंतीवरचं बटण दाबलं. बस, एक बटण. कोणी ओरडलं नाही. एकीने पोट चोळायला घेतलं, एकीने सुई टोचली, आणि दार उघडून एक मुलगा रक्ताच्या दोन पिशव्या घेऊन आत आला.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. चार मिनिटं!

तासाभराने ती बाई पाणी मागत होती. तिच्या मुलीला तिच्या छातीवर ठेवलं होतं.

मी चादरींच्या खोलीत जाऊन रडले. तोंडात पदर कोंबून.

१३ सप्टेंबर

काल ते लिहवलं नाही, आज लिहिते. मागच्या वर्षीची ती. बाविसाव्या वर्षी पहिलटकरीण. वेणीला पिवळी रिबीन. असंच रक्त. मी मूठ आवळून तिचं पोट दाबून धरलं होतं आणि तिचा दीर रक्तपेढीकडे पळाला होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला. तो आला तेव्हा दोन तास दहा मिनिटं झाली होती. पिशवी अजून थंड होती. ती उरली नव्हती.

त्यांच्याकडे माझ्यापेक्षा हुशार हात नाहीत. त्यांच्याकडे जिन्याखाली रक्ताचा फ्रीज आहे.

फॉर्मवर आज पहिल्यांदा लिहिलं. 'कोण सरस' — ते. पेन दाबून लिहिलं. मागच्या पानावर उमटलं.

१९ सप्टेंबर

इतके दिवस मला वाटत होतं, इथली शांतता शिस्तीची आहे. आज चुकून डावीकडच्या जिन्याने वर गेले. तिसरा मजला. लांबच लांब वऱ्हांडा, दोन्ही बाजूंना खोल्या. गाद्या गुंडाळलेल्या. छोट्या पाळण्यांवर प्लास्टिक. एकसुद्धा माणूस नाही. चौथा मजलाही तसाच.

खाली येऊन विचारलं, आज किती बाळंतपणं? घड्याळबाईने बोटं दाखवली. सात.

एवढ्या अवाढव्य हॉस्पिटलात सात! "मी लागले तेव्हा रोज साठ असायची," दुभाषी मुलीने तिचं बोलणं सांगितलं. "आता मुलं होत नाहीत. कोणाला नकोत, कोणाला वेळ नाही."

आमच्याकडे काल सत्तर झाली. ह्यांनी वॉर्डात फोन करून मुद्दाम विचारून ठेवलं होतं. माणूस कामाचा आहे तसा.

२७ सप्टेंबर

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहायचंय.

दुपारी तीन. मोठे सर्जन ऑपरेशनमध्ये. लेबर रूममध्ये तरुण डॉक्टर, घड्याळबाई, मी, आणि भिंतीकडे तोंड करून उभी आमची दुभाषी. तिला रक्त बघवत नाही. बाळाचं डोकं आलं आणि थांबलं. कासवासारखं परत आत ओढलं गेलं. खांदा अडकला! बाळाचा चेहरा निळा पडायला लागला.

तरुण डॉक्टरने पाय वर दाबले. नाही. पोटावरून दाब दिला. नाही. त्याच्या कपाळावर घाम. नंतर कळलं, त्याने हे आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, तेही पुस्तकातल्या चित्रात. मी महिन्याला तीन बघते.

पाहुण्याने मध्ये तोंड घालू नये, मला कळतं. पण तोंडातून निघून गेलं — "उलटी करा तिला! हातागुडघ्यांवर!" भिंतीकडे तोंड करून आमची दुभाषी तितक्याच जोरात ओरडली, त्यांच्या भाषेत. घड्याळबाईने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग तिने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने, आणि त्या बाईला आम्ही फिरवलं. तीही बिचारी वळली, रांगणाऱ्या पोरासारखी. खांदा सुटला. मी हात घातला, मागचा दंड धरला, आणि बाळ सळकन हातात आलं.

रडलं नाही. घड्याळबाईने पाठ चोळली. एक, दोन, तीन... नऊ मोजले मी. मग असं रडलं! असं भोकाड पसरलं की त्या सुनसान मजल्यांवरही ऐकू गेलं असेल.

चार किलो चारशे ग्रॅम. मुलगा.

दुभाषी मुलगी भिंतीपाशीच खाली बसली होती. "मी काय बोलले मलाच आठवत नाही," म्हणाली.

घड्याळबाई माझ्यासमोर आली आणि कमरेतून वाकली. एवढी उंच बाई, माझ्या खांद्याइतकी झाली. मला कुठे बघावं कळेना.

२८ सप्टेंबर

अकरा डॉक्टर, एक रबरी बाहुली, आणि शिकवणारी मी! सातवीत शाळेतल्या भाषणाला उभी राहून पळून गेलेली मी!!

१० ऑक्टोबर

घड्याळबाईच्या घरी गेले. चौदावा मजला. दोन खोल्या, पण लख्ख. लिफ्ट कधी बंद पडत नाही, दिवे कधी जात नाहीत, खाली दवाखाना, कोपऱ्यावर बसथांबा. तिची आई शहाऐंशीची, सासरे एक्क्याण्णवचे. दोघे खिडकीपाशी, गुडघ्यांवर पांघरूण. आमच्याकडे एवढं जगतं कोण? आमच्या गल्लीत सत्तरीचा माणूस म्हणजे गावाचा आजोबा.

तिची मुलगी अठ्ठावीस वर्षांची. एकुलती एक. दूरच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर. मी सहज विचारलं, नातवंडं? दुभाषी मुलीने सांगण्याआधीच घड्याळबाईने मान हलवली. मग म्हणाली, "अकरा हजार बाळं माझ्या हातांवर आली. घरात एकही नाही."

चहा झाला. सासऱ्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे मुलं रस्त्यात खेळतात का? मी म्हटलं, रस्त्यात, जिन्यात, छपरावर, डोक्यावर! म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. पुन्हा म्हणाला, सांगा ना, अजून सांगा.

१६ ऑक्टोबर

घरी. जाऊबाई दारातच म्हणाल्या, "वाळलीस की गं!" चार किलो वाढलंय वजन.

१७ ऑक्टोबर

ड्यूटी. एकाहत्तर! बाहेर वऱ्हांड्यात आज्या, मावश्या, नणंदा, एक मामा. सगळे एकाच वेळी बोलतायत. एकीच्या कळा सुरू झाल्या तर तिची सासू आत घुसून तिचा हात धरून बसली. मी हाकललं, पुन्हा आली. हाकललं, पुन्हा आली. त्या दुसऱ्या देशात बाळंतीण शांत होती, स्वच्छ होती, आणि एकटी होती.

आणि ही पोरं! तासाला तीन, मुठी आवळून, जगाशी भांडायला निघाल्यासारखी. इतकी वर्षं मी ह्याला गर्दी म्हणत आले. आज पहिल्यांदा अंगावर काटा आला.

२० ऑक्टोबर

मोठ्या डॉक्टरांनी अहवाल वाचला. चष्मा काढला.

"सिस्टर, बावीस ठिकाणी 'ते सरस'! हे मी वर कसं पाठवू?"

"जसं आहे तसं पाठवा, सर."

"आणि हे शेवटी काय लिहिलंय?"

शेवटी मी दोनच वाक्यं लिहिली होती. त्यांचा देश माणसाला मरू देत नाही, आपला देश माणूस जन्माला घालायचा थांबत नाही. जन्माला आलेल्यांची आई वाचवायला मला जिन्याखाली एक रक्ताचा फ्रीज हवा आहे.

त्यांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले, "ती पिवळ्या रिबिनीची मुलगी... मीच सही केली होती तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर."

अहवाल घेऊन स्वतः वर गेले. जिना चढताना धापा टाकत होते.

१४ डिसेंबर

फ्रीज बसला. आज संध्याकाळी पाचला पहिली पिशवी वापरली. सहा मिनिटं लागली. चार नाहीत, सहा. बाई जगली! बाई जगली!!

६ फेब्रुवारी

घड्याळबाईचं पत्र, दुभाषी मुलीने आमच्या भाषेत लिहिलेलं. त्यांचा प्रसूती विभाग ह्या महिनाअखेर बंद होतोय. सगळे मजले म्हाताऱ्यांसाठी. तिलाही तिथेच घेतलंय, पगार तोच. शेवटी लिहिलंय — काल तीनच बाळं झाली, म्हणून प्रत्येकाला जरा जास्त वेळ धरून बसले.

दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. ज्यांच्यापुढे माझी मान वर होत नव्हती, त्यांचं मला आज वाईट वाटतंय. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

९ मार्च

सकाळी पावणेआठला ड्यूटीवर आले, तर वॉर्डाच्या दारात घड्याळबाई! नोकरी सोडून आलीय. हातात एक बॅग आणि आमच्या वॉर्डात काम करायचं एका वर्षाचं परवानगीपत्र. मी तोंड उघडायच्या आत आतून कोणीतरी किंचाळलं. तिने बॅग भिंतीला टेकवली आणि बाह्या वर केल्या. दुपारी दोनपर्यंत आम्ही दोघींनी अकरा केली.